प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका

हाता-पायाला प्लास्टर चढलं की सगळे एकच सांगतात, "आता दीड महिना आराम." मोडलेल्या हाडाला आराम हवाच. पण आतल्या स्नायूला तो सोसत नाही, आणि त्याचं नुकसान पहिल्या २४ तासांतच सुरू होतं.

निरोगी माणसांचा हात नुसता एक दिवस बांधून ठेवला, तरी त्या हाताचे स्नायू रक्तातली साखर बरीच कमी उचलतात. तेव्हा स्नायू झडलेलाही दिसत नसतो! साखर आत घ्यायला ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या काठावर यावी लागतात. त्यांना तिथे आणतं एक तर इन्सुलिन, नाही तर स्नायूचं आकुंचन. हालचाल थांबली की आकुंचन गेलंच, आणि इन्सुलिनलाही स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाही. खर्चच नाही, तर नवी साखर घेऊन तो करणार काय?

एक हात बांधला म्हणून कुणाला मधुमेह होत नाही, घाबरू नका. पायाचं प्लास्टर मात्र अख्ख्या माणसाला बसवून ठेवतं. मांडीचा स्नायू १४ दिवसांत सुमारे ८ टक्के बारीक होतो, ताकद २० टक्क्यांहून जास्त जाते.

म्हणून माझा आग्रह आहे, डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा: "आतल्या आत स्नायू आवळू का?" परवानगी मिळाली तर गुडघा न हलवता मांडी आवळा, ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. प्लास्टर मांडीपर्यंत असेल तर वरच्या काठापाशी हात ठेवा, स्नायू कडक झालेला बोटांना कळतो. बहुतेक जण इथे श्वास कोंडतात, तो चालू ठेवा. मोकळी बोटं हलवत राहा. वेदना वाढत गेली, बोटं बधिर किंवा निळी पडली, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

वजन वाढेल म्हणून जेवण तोडू नका, ही चूक फार होते. ६० किलोच्या माणसाने दिवसाला निदान ७० ग्रॅम प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मधुमेह असेल तर या काळात साखर जास्त वेळा तपासा. आणि प्लास्टर निघून चालणं सुरू झालं की पुन्हा तपासा, कारण प्लास्टरच्या काळात इन्सुलिनचा डोस वाढवला असेल, तर तो तेव्हा जास्त होऊन साखर एकदम खाली येऊ शकते.