‘पहिल्या सीतेचा पणतू’ या क्लिपबद्दल खुलासा

‘सांगलीच्या पहिल्या सीतेचा पणतू सापडला’ (म्हणजे पहिल्या मानल्या जाणाऱ्या मराठी नाटकात सीता झालेल्या नटाचा) म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारी क्लिप आमच्या विनोदी फिल्ममधली आहे. ती खरी नाही. माहितीपटाचं सोंग घेतलेली ती गोष्ट आहे: एक नट घराण्याचा वारसा शोधत सांगलीभर हिंडतो आणि हाती लागेल तो कागद पुरावा मानतो. त्यातला ‘जुना’ फोटो आम्हीच काढला, चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळवला. नीट बघा, वरच्या कोपऱ्यात चिमट्याची खूण आहे. सुरुवातीची ‘काल्पनिक’ ही पाटी कुणीतरी कापलीय.

खरं काय ते सांगतो. विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे ते नाटक सांगलीत १८४३ साली केलं, सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्याच्याच आठवणीत ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. स्त्रीपात्रं पुरुषच करत, पदं सूत्रधार गाई, नट संवाद बरेचसे ऐनवेळी बोलत. तिशीतल्या नटाचा पणजोबा त्यात असणं वर्षांच्या हिशेबातही बसत नाही.

ओळखीतल्या एका मुलीने क्लिपमधलं सगळं शाळेच्या प्रकल्पात उतरवून घेतलं, तेव्हा फार वाईट वाटलं. तिला वही दुरुस्त करून दिली. क्लिप जिथे पाठवली असेल तिथे हा खुलासाही पाठवा, ही कळकळीची विनंती.