कवीचं घर आहे नुसतं

भाच्याने आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, मित्रांना घेऊन चार दिवस रत्नागिरीला येतोय, काय काय बघू? दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, लगेच आखून दिलं. आरे-वारेच्या रस्त्याने जा, गणपतीपुळ्याला दर्शन घे, पुढे जयगडचा किल्ला कर. आणि शेवटी, "मालगुंडला थांबू नको. कवीचं घर आहे नुसतं." त्यावर तिघांचे अंगठे आले. मग कोणीतरी लिहिलं, स्मारकांवर पैसे घालण्यापेक्षा पार्किंग करा. तिथून विषय सागरी महामार्गावर गेला तो परत आलाच नाही.

मी इथे आयर्लंडमधल्या गॉलवेला बसून त्या "नुसतं"वर दोन दिवस चडफडतोय.

कोणाचं घर आहे ते? केशवसुतांचं. उणीपुरी ३९ वर्षं जगलेला शाळामास्तर, १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. मागे दीडशेसुद्धा कविता नाहीत, पण मराठी कविता त्याच्या आधी एक होती आणि त्याच्यानंतर दुसरीच झाली. सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, हा प्रकार मराठीत त्याने आणला. कवीने स्वतःच्या मनातलं, स्वतःच्या काळातलं बेधडक लिहायचं, हे त्याच्यामुळे रुजलं. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली तिथे स्मारक उभं केलं, दगडांवर त्याच्या कविता कोरून ठेवल्या. पुळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यासाठी गाडी थांबवायची नाही?

इथून दोन तासांवर स्लायगोच्या पुढे ड्रमक्लिफ आहे. रस्त्याला लागून चर्च, मागे बेन बुल्बेनचा सपाट माथ्याचा डोंगर, आणि आवारात आयरिश कवी येट्सचं थडगं. थडगं म्हणजे एक साधी करडी शिळा. बघण्यासारखं त्याहून काही नाही. तो वारला फ्रान्समध्ये, १९३९ साली. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये त्याला इथे आणून पुरलं. शवपेटीतली हाडं त्याचीच का, याची इथे लोक उघड चर्चा करतात आणि तरीही येतात. शिळेवरच्या शेवटच्या ओळीत तर घोडेस्वाराला पुढे निघून जायला सांगितलंय, पण कोणी जात नाही. मागच्या खेपेला एका म्हाताऱ्याने माझ्यासमोर टोपी काढली, ओळी ओठांतल्या ओठांत वाचल्या आणि पाऊस सुरू झाला तरी तसाच उभा राहिला. आणि हो, तिथे पार्किंगही आहे. कवी आणि पार्किंग यांचं भांडण लावायचं काही कारण नाही.

सागरी महामार्गाचंही तेच. इथे २०१४ साली अटलांटिकच्या किनाऱ्याने अडीच हजार किलोमीटरची पर्यटनाची वाट जाहीर झाली, डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत. त्यासाठी डोंगर फोडले नाहीत. होते तेच रस्ते जोडले आणि लाटांच्या खुणेच्या निळ्या पाट्या लावल्या. अजूनही कितीतरी ठिकाणी समोरून ट्रॅक्टर आला की आपण मागे घ्यायचं. बाजूच्या दगडी बांधांत फुशिया फुललेली असते, खाली समुद्र दिसत असतो, चिडतंय कोण?

हे ग्रुपवर मी तावातावाने लिहिलं. एक गोष्ट मात्र गाळली. गॉलवेजवळच कूल पार्क आहे, लेडी ग्रेगरी या लेखिकेची इस्टेट. येट्स तिथे उन्हाळा-उन्हाळा राहायचा. बागेतल्या एका झाडाच्या खोडावर त्याच्या, बर्नार्ड शॉच्या, आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या सह्यांची अक्षरं आहेत, तळ्यावर हंस उतरतात. पण घर? घर यांनी १९४१ मध्ये पाडलं. आता नुसता चौथरा आहे. मालगुंडचं घर आपण राखलं. हे मी लिहिलं नाही, कारण मग माझा मुद्दा लंगडा पडला असता.

आणखीही एक लिहिलं नाही. मी रत्नागिरीत वाढलो, मालगुंड आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. कॉलेज होईपर्यंत पुळ्याला वीसदा तरी गेलो असेन, त्या घरात एकदाही नाही. पहिल्यांदा गेलो तो आयर्लंडला येऊन सहा वर्षं झाल्यावर, डिसेंबरच्या सुट्टीत. ड्रमक्लिफ बघून आल्यानंतर. मला माझा कवी यांच्या कवीने दाखवला, आणि ती लाज अजून गेलेली नाही. दादावर काढलेला राग बराचसा त्या लाजेचाच आहे.

दादाचंच सांगतो. तो पर्यटकांची गाडी चालवतो, म्हणून पार्किंग त्याला पहिलं आठवतं.

मार्चमधली गोष्ट. गुरुवारी आमच्या इथल्या पबमध्ये सेशन असतं. स्टेज नाही, माईक नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, बोड्रान (डफासारखं आयरिश वाद्य) घेऊन जो येईल तो बसतो. बोड्रानवाला मधूनच चामड्यावर आतल्या बाजूने पाण्याचा हात फिरवतो. ते बघितलं की मला काका आठवतात. भजनाला बसण्याआधी पखवाजाच्या धुम्यावर ओली कणीक थापायचे, दोन थापा मारून ऐकायचे, थोडी काढायचे, परत थापा. तसा नाद लागेपर्यंत बुवा थांबायचे, सगळी वाडी थांबायची.

त्या रात्री फिडलवाली मला म्हणाली, तुमच्याकडचं काहीतरी होऊ दे. मी आमच्या वाडीतलं जाखडीचं गाणं धरलं. लहानपणी गणपतीत मधे ढोलकी आणि गाणारे, भोवती चाळ बांधलेली पोरं, त्यात मीही नाचलोय. सगळा पब गप्प झाला. पहिलं कडवं झालं, आणि दुसरं आठवेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चांगल्या मनाने वाजवल्या. मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन लावला. तो गाडीत होता, मागे सातारची माणसं बसलेली. म्हटलं, दुसरं कडवं सांग. म्हणाला, "थांब, गाडी बाजूला घेतो." इंजिन बंद झाल्याचं मला ऐकू आलं. मग स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून त्याने दुसरंच नाही, पाचही कडवी म्हटली, कुठे अडखळला नाही. मागची माणसं तिसऱ्या कडव्यापासून टाळ्यांचा ठेका द्यायला लागली. मी इकडे बिलाच्या पाठीवर लिहून घेत होतो.

"लिहून काय घेतोस?" तो म्हणाला. "गणपतीत ये. चौदा वर्षं झाली तुला गणपतीत येऊन."