‘वाडामालक’ यांना उत्तर : फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं वाड्यांवर बोलू नये?

‘वाडामालक’ (खरं नाव लिहायला काय हरकत होती? असो),

पुण्याच्या कसबा पेठेतल्या गल्ल्यांना संरक्षित परिसराचा दर्जा द्यावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून आम्हाला गळक्या वाड्यात राहायला सांगणं सोपं आहे. शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधता येत नाही, भाडी आजोबांच्या काळातली, डागडुजी आमच्या माथी. आणि मुंबईच्या वारसा नियमांचं सालही चुकलंय."

साल चुकलं, मान्य. विकास नियंत्रण नियमावली १९९१ ची, वारसा वास्तूंचे नियम १९९५ चे. लेखात दुरुस्ती केली आहे. एवढंच सांगितलं असतंत तर चहाला बोलावलं असतं.

पण "फ्लॅटमध्ये बसून"? ही कुठली बोलायची रीत? अहो, माझा जन्मच कसब्यातल्या वाड्यातला. दोन खोल्या, चौकात एक नळ, सकाळी टमरेल घेऊन रांग. पावसाळ्यात आई गळतीखाली पातेली मांडायची आणि उरलेल्या जागेत आम्ही झोपायचो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आजी पोरांना घेऊन पर्वतीवर गेली. परतली तर मागची भिंत आडवी आणि माजघरात गुडघाभर चिखल. कडीपाटाला वाळवी लागली की रात्री कसा भुसा गळतो, ते मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं काढली तिथे. महिना अठरा रुपये भाडं, एकदाही थकवलं नाही. मालकांनीच वाडा बिल्डरला दिला, म्हणून कोथरूडला आलो. हौसेनं नाही.

आणि "गळक्या वाड्यात राहा" असं मी लिहिलंय कुठे? लेख पुन्हा वाचा. इंग्लंडात १९६७ च्या कायद्यानं स्टॅमफर्ड हा पहिला संरक्षित परिसर झाला. असा परिसर जपायचा म्हणजे गल्लीचं वळण, छपरांची उंची, दर्शनी बाजू जपायची. आत मोरीला टाइल्स लावा नाहीतर कमोड बसवा, कोण विचारतंय? पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या, जपलेल्या वस्तीत लोक नांदतायत, गॅलरीत धुणी वाळतायत.

१०० मीटरची बंदी केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यातली, २०१० च्या दुरुस्तीची. ती संरक्षित स्मारकाभोवती असते; माझ्या लेखाचा तो विषयच नव्हे. भाड्याचं रडगाणं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून चालू आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. डागडुजीचं म्हणाल तर मुंबईत वारसा वास्तूच्या मालकांसाठी टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची, सोय आहे. इथेही मागा की! मागायला कुणी अडवलंय?

शेजारच्या फ्लॅटवाल्यांना विचारा, माझ्या हॉलमध्ये काय टांगलंय. आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजाची कडी. पाडकामवाल्याकडून पाचशे रुपयांना सोडवून आणली. शोभेला नाही आणलेली.