देवावर वाद घालायचाय? आधी हे वाचा

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून देव आहे की नाही हे एकदाचं निकालात काढायचं ठरवलंय ना, मग थोडं ऐकून जा, फुकट सांगतोय.

आधी नास्तिक पार्टी. समोरचा म्हणाला की 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला, मी स्वतः चमच्याने पाजलंय, की लगेच "पृष्ठताण!" म्हणायचं. नुसतं तेवढंच, मंत्रासारखं. समजावत बसू नका, दूध चमच्यातून खेचलं जाऊन मूर्तीवरून पातळ ओघळतं वगैरे, त्यात समोरच्याला पटायचा धोका असतो. आणि स्वतःच्या डोक्यावर शंका अजिबात नको. कुणी वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची कार्डं काढली तर सरळ चहा आणायला उठा. 1966 पासून मानसशास्त्रवाले हे कोडं घालतायत, आपल्याकडचं करायचं तर अ, क, 4, 7 अशी चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसरीकडे आकडा, नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम आकडाच, आता नियम तपासायला कुठली कार्डं उलटायची? अ आणि 4 म्हणालात ना? हं. बहुतेकजण चुकतात. अ आणि 7 उलटायचे असतात, 7 च्या मागे स्वर निघाला की नियम मोडला. (माझंही चुकलेलं, पण मी ते कट्ट्यावर बोलत नाही.) चार कार्डांत आपटलेल्या डोक्याने अख्ख्या विश्वाचा निकाल द्यायचाय म्हटल्यावर कॉन्फिडन्स हवाच की.

आता आस्तिक काका. तुमचं सोपंय. "मानवी बुद्धीला मर्यादा आहेत" म्हणायचं आणि तलावाकडे बघत गप्प बसायचं. फारच ताणलं तर गोडेल नावाचा गणिती, 1931, गणितातसुद्धा सगळं सिद्ध होत नाही म्हणे, म्हणून आपला ठाण्याचा महादेव कौपिनेश्वर जागृत. मधली पायरी कुणी विचारली तर ती बुद्धीपलीकडची. फक्त एवढं सांभाळा, की परमेश्वर बुद्धीपलीकडे असला तरी त्याला मंगळवारी अंडं चालत नाही आणि मोदक 21 च लागतात, हे काकांना पक्कं माहितीय.

सांख्य आणि मीमांसा या जुन्या दर्शनांवाले जगाचा कर्ता देव न मानताही आस्तिकांच्या पंगतीत बसतात, कारण ते वेद मानतात, हा विषय मात्र काढूच नका, कोण कुठल्या पार्टीत तेच कळेनासं होईल.

आणि कोणी चार्वाक झाडला, की प्रत्यक्ष दिसतं तेवढंच खरं, अनुमान मानायचं नाही, तर त्याला घरी जाताना फलाटावर बघा. इंडिकेटरवर 2 मिनिटं लिहिलंय, गेली दहा मिनिटं 2 च लिहिलंय, आणि दोन्ही पार्ट्या माना वाकवून कळव्याला जायच्या गाडीची वाट बघतायत.