तुमच्याकडे, आपल्याकडे

गेल्या आठवड्यात अंगणातून काढलेला एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सूर्य बुडून पाऊण तास झाला होता. खाली काळोख, आणि पश्चिमेला इथल्या, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून सुटलेल्या फाल्कन रॉकेटच्या मागे घंटेसारखा फुललेला निळसर-पांढरा ढग. नागपूरच्या मावसभावाने, दादाने, पाच मिनिटांत लिहिलं, 'तुमच्याकडे लोक खुर्च्या टाकून बघतात. आपल्याकडे लाडबोरीत जीव मुठीत धरून पळाले. हाच फरक.' खाली नऊ जणांचे अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय.

लाडबोरी म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं, सिंदेवाही तालुक्यातलं गाव. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची रात्र. गावजेवणाची तयारी चाललेली, आणि आभाळातून जळत आलेलं धातूचं कडं मोकळ्या जागेत धाडकन आदळलं. व्यास साधारण तीन मीटर. चीनने फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या लाँग मार्च रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा तो तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. पण ते नंतर. त्या रात्री त्या माणसांना कोण सांगायला आलं होतं? असलं धूड अंगणाशेजारी पडल्यावर पळायचं नाही तर काय खुर्च्या मांडायच्या?

आता दादा, इथलं ऐक. 22 डिसेंबर 2017, संध्याकाळचे 5 वाजून 27 मिनिटं. त्याच व्हॅन्डेनबर्गहून इरिडियम या सॅटेलाइट फोन कंपनीचे 10 उपग्रह घेऊन फाल्कन निघालं. आभाळातून काही पडलं नाही, नुसतं आभाळ उजळलं. तरी फ्रीवेवर माणसं गाड्या बाजूला घेऊन उभी राहिली. कुणी म्हणे यूएफओ, कुणी म्हणे उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र. शेवटी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने लोकांना कळवलं की हा उजेड व्हॅन्डेनबर्गचा आहे. उड्डाणाची वेळ आधीच जाहीर झालेली होती, हे विशेष. आज माझे शेजारी खुर्च्या टाकतात ते शहाणपणामुळे नाही, सवयीमुळे. असे ढग आता इथे वरचेवर दिसतात.

कारण तसं साधं आहे. जमिनीवर अंधार पडला तरी शंभर किलोमीटर उंचीवर ऊन असतं. रॉकेट तिथे पोचलं की अडवायला हवाच नसल्यासारखी, म्हणून धूर चहूकडे फुलतो, त्यातली वाफ गोठते आणि त्या बर्फाच्या कणांवर ऊन चमकतं. ढगाच्या पोटात मधूनच बारीक फुगे उमटतात, त्या माघारी फिरणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या नायट्रोजनच्या फुंकरी. हे सगळं मी नंतर वाचलं. 2017 च्या त्या संध्याकाळी मी 101 फ्रीवेवर होतो आणि घाबरलो होतो.

एक्झिट घेऊन कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये थांबलो. शेजारी एक बाई भरलेली ट्रॉली सोडून वर बघत होती. ट्रॉली उतारावरून घरंगळत जाऊन कठड्याला अडली, तिने वळूनही पाहिलं नाही. माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. ते समजणारं तिथे कुणी नव्हतं. वर्ध्याला आईला फोन लावला. तिकडे सकाळचे सात. ती हसली नाही. 'आधी घरात शीर,' म्हणाली.

1979 च्या जुलैतही हेच म्हणाली होती. स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पडणार म्हणून आठ दिवस तिने आम्हाला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. 11 तारखेला ते ऑस्ट्रेलियात कोसळलं तेव्हा कुठे सुटका झाली. आणि दादा, त्या आठ दिवसांत तू आमच्याकडेच होतास. माझ्या शेजारी, माजघरात, एका गोधडीत. मग लाडबोरीच्या माणसांना कुठल्या तोंडाने हसतोस?

पण एवढं सगळं लिहूनही राग जात नाही, कारण तो लाडबोरीपुरता नाहीच. 'तुमच्याकडे' या शब्दाचा आहे. एकोणीस वर्षं इथे काढली. एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, नोटीस आली तरी दर पाडव्याला बाल्कनीत गुढी उभारतो. इथे मला विचारतात, मूळचा कुठला? आणि माझ्याच माणसांच्या 'आपल्याकडे'मध्ये मी आता मावत नाही. मला मात्र लाडबोरीची पळणारी माणसंही माझी वाटतात आणि ट्रॉली सोडून उभी राहिलेली ती बाईही.

काल रात्री ग्रुपवर लिहिलं, 'आपल्याकडेही 2017 ला लोक घाबरले होते. मीसुद्धा.'

दादाचं लगेच उत्तर आलं, 'आपल्याकडे म्हणजे कुठे?'