‘मेलेल्या पेशीच निघणार, तर लिव्हर कापायचं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वृषणाच्या कर्करोगातून यकृतात गेलेल्या गाठी काढण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला, लिव्हरमध्ये पसरला म्हणजे चौथी स्टेज, तिथे ऑपरेशन करणं म्हणजे पेशंटचे हाल. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तुमच्या काकांना डॉक्टरांनी ऑपरेशनला स्पष्ट नकार दिला होता, असं तुम्ही लिहिलंत. दुसरा, काढलेल्या भागात बहुतेक वेळा मेलेल्या पेशीच निघतात हे मीच लिहिलं. मग कापलं कशाला?

काकांच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पण तो न्याय इथे लागू होत नाही. वृषणाच्या कर्करोगाला चौथी स्टेजच नाही, वर्गीकरण तिसऱ्यावर संपतं. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन इतर दोन औषधांबरोबर द्यायला सुरुवात केली आणि पसरलेला आजारही बरा होऊ लागला. यकृतात गेलेला आजार गंभीरच, यात वाद नाही. सेमिनोमा हा वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार सोडून इतर प्रकारांत असे पेशंट सर्वांत कठीण गटात धरले जातात. पण १९९७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या गटातले ४८ टक्के पेशंट पाच वर्षांनंतर जिवंत होते आणि २०२१ च्या सुधारित आकडेवारीत ६७ टक्के. त्यातले बरेचसे विशी-तिशीतले. ‘हाल’ हा शब्द वापरण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा, एवढीच माझी विनंती.

आणि ऑपरेशन केमोऐवजी नसतं, केमोनंतर असतं. सहसा आधी केमोच्या चार सायकल (फेऱ्या) होतात, एएफपी आणि बीटा एचसीजी हे रक्तातले मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारे घटक, खाली येतात, मग सीटी स्कॅनवर जे उरलेलं दिसतं त्याचा विचार होतो. मार्कर चढत असतील तर बहुतेकदा सुरीआधी पुन्हा औषधंच.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. उरलेली गाठ तीनपैकी काहीतरी असते: मृत पेशी, टेराटोमा (कूर्चेसारख्या निरनिराळ्या ऊतींची बनलेली गाठ) किंवा जिवंत कर्करोग. यकृतात मृत पेशींचं प्रमाण सर्वांत जास्त, हे खरंच. पण स्कॅनवर तिन्ही सारखेच काळपट डाग दिसू शकतात. पेट (PET) स्कॅनवर, म्हणजे सक्रिय पेशी उजळून दाखवणाऱ्या तपासणीत, टेराटोमा बहुधा उजळत नाही, म्हणजे तो आणि मृत गाठ यांत फरक कळत नाही. सुई एकाच जागचा तुकडा आणते, शेजारी काय आहे ते सांगत नाही. काढलेली गाठ टेबलावर उभी चिरली की मात्र चित्र दिसतं. मृत गाठ पिवळसर, भुसभुशीत असते. टेराटोमात बुळबुळीत द्रवाच्या पोकळ्या असतात आणि कधी कूर्चेचा कडक तुकडा सुरीला अडतो. अर्थात शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचाच.

‘टेराटोमा तर साधा असतो’ असं म्हणून तो सोडता येत नाही. त्याच्यावर केमो चालत नाही. मार्कर अगदी नॉर्मल असताना तो वाढत राहतो, आजूबाजूच्या शिरा दाबतो आणि काही पेशंटमध्ये पुढे घातक रूप घेतो. तेव्हा काढायला गेलं तर यकृताचा कितीतरी मोठा भाग द्यावा लागतो.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत आहे: दिसला डाग की काप, हे धोरण चूकच. पोटामागच्या लसीकाग्रंथी (हा आजार सहसा आधी तिथे पसरतो) काढल्यावर तिथे फक्त मृत पेशी निघाल्या, तर यकृतातही बहुधा तेच असतं. बहुधा, नेहमी नाही. अशा वेळी डाग मोठ्या शिरांना खेटून खोलवर असेल, तर मी नियमित स्कॅन करत थांबण्याच्या बाजूने आहे. कडेचा, सहज निघणारा डाग असेल तर त्याच भुलीत काढून मोकळं व्हावं. निरोगी यकृताचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग काढला तरी उरलेलं वाढून भरपाई करतं. केमो सोसलेल्या यकृताचा मात्र जास्त भाग राखावा लागतो. म्हणून हे काम यकृताची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या टीमकडेच द्यावं.

तुमच्या ओळखीत कुणी या टप्प्यावर असेल, तर केमोत ब्लिओमायसिन हे औषध दिलंय का हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगायला सांगा. त्याने फुप्फुसं नाजूक होतात, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी ऑक्सिजन आणि सलाईन दोन्ही बेतानं द्यावं लागतं. आणि केमो अजून सुरू व्हायची असेल, तर वीर्य साठवून ठेवण्याचं आधीच विचारा.