ठोका लागला नाही, तरी मासा तिथे होता

ह्यूस्टनच्या आसपास राहून गॅल्व्हेस्टनच्या खाड्यांत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारी आपली बरीच मंडळी आहेत. थंडी पडू लागली की त्यांच्यात एक मजकूर हातोहात फिरतो. तो थोडक्यात असा: ‘स्पेकल्ड ट्राउट सॉफ्ट प्लास्टिकवर तुटून पडतो, हाताला ठक् असा ठोका लागतोच. ठोका नाही म्हणजे मासा नाही, जागा बदला. ठोका कळायला दोरी कायम ताठ ठेवा, जिगहेड जड लावा, रॉड महागातला घ्या. आणि ठोका लागला की तीन मोजून मग जोरात हिसका द्या.’ (सॉफ्ट प्लास्टिक म्हणजे मऊ प्लास्टिकची लुअर, खोटं आमिष. जिगहेड म्हणजे ते अडकवायचा, डोक्याशी वजन असलेला आकडा. रॉड म्हणजे गळाची काठी.)

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी कधीकाळी खरं मानलं होतं आणि त्यापायी दोन हिवाळे रिकाम्या हातांनी घरी आलो. नव्या माणसाचं तसं होऊ नये, आणि त्याहूनही माशाचा उगाच जीव जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

‘ठोका लागतोच’

आधी मासा समजून घेऊ. नावात ट्राउट असलं तरी हा डोंगरातल्या नदीचा ट्राउट नव्हे. हा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्या घराण्यातला. वरच्या जबड्यात पुढे सुळ्यासारखे दात आहेत, त्यामुळे तो कुत्र्यासारखा लचका तोडत असेल असं वाटतं. पण खाताना तो तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो, तोंडात पोकळी होते आणि पाण्याच्या लोटाबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं. लुअर तोंडात जाते त्या क्षणी दोरीवर ताण येतोच असं नाही. मासा ती घेऊन वळला आणि दोरी ताणली गेली, की आपल्याला ‘ठक्’ जाणवतं. म्हणजे ठोका ही बहुतेकदा घास घेतल्यानंतरची गोष्ट आहे.

मग मासा वळलाच नाही तर? तो तुमच्याच दिशेने पोहत आला तर? खालून वर येऊन बुडती लुअर त्याने अलगद तोंडात धरली तर? तेव्हा हाताला काहीच लागत नाही. उलट असलेलं वजन नाहीसं होतं. गार पाण्यात हे फार होतं, कारण माशाचं शरीर पाण्याइतकंच गार असतं आणि त्याची हालचाल मंदावलेली असते. उन्हाळ्यात पहाटे कोळंबीच्या मागे लागलेला ट्राउट ठोका देतो, हे खरं. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा तोच अनुभव बारा महिन्यांना लावला आहे.

गेल्या जानेवारीत गॅल्व्हेस्टनच्या ईस्ट बे या खाडीत मांडीएवढ्या पाण्यात उभा होतो. तळाला काळा चिखल आणि अधूनमधून कालवांची शिंपलं. लुअर पाण्यात पडली की मी मनात अंक मोजतो. त्या जागी ती पाच म्हणेपर्यंत तळाला टेकत होती. एका फेकीला चौथ्या अंकावर दोरी सैल पडली. हाताला काही नाही, रॉडच्या टोकाला काही नाही. पण तळ तर अजून यायचा होता. रीळ भराभर गुंडाळलं, रॉड उचलला, आणि पलीकडून डोकं झटकल्याचं जाणवलं. मोजत नसतो तर ती दोरी मी वाऱ्याने सैल झाली असं समजून सोडून दिली असती. आधीच्या दोन हिवाळ्यांत असे किती मासे सुटले असतील, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत होतो.

तेव्हा ओळखायचं ते असं: दोरी पाण्यात शिरते त्या जागी ती बोटभर बाजूला उडते, बुडणं वेळेआधी थांबतं, वजन अचानक नाहीसं होतं, किंवा शेवाळ अडकल्यासारखा लिबलिबीत भार येतो. खरंच शेवाळ असलं तरी बिघडत नाही, रॉड उचलून बघायला पैसे पडत नाहीत.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. ठोका लागला म्हणजे ट्राउटच, असंही नाही. बारीक, भराभर ‘टकटकटक’ होत असेल आणि लुअरची शेपटी कुरतडलेली येत असेल तर बहुधा पिनफिश नावाचा बारका मासा आहे. हार्डहेड कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळ्याचा भाऊबंद, तोही चांगला ठसठशीत ठोका देतो.

‘दोरी कायम ताठ ठेवा’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. ताठ दोरीवरची लुअर सरळ खाली जात नाही, झोपाळ्यासारखी तुमच्याकडे झुलत येते. मेल्यासारखा बुडणारा लहान मासा तसा कधी येत नाही. शिवाय मासा पाण्याबरोबर ती आत ओढायला जातो तेव्हा ताठ दोरी तिला मागे धरून ठेवते. लुअर तोंडाशी येऊन राहते, आणि आपण म्हणतो ‘शेपटीला चावून गेला’.

दोरी सैल हवी, पण सरळ हवी. तिला पोट पडता कामा नये. टेक्सासच्या या किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा सुटला की पाण्यावरची दोरी धनुष्यासारखी फुगते, मग तिच्याकडे बघून काहीच कळत नाही. अशा वेळी शक्यतो वाऱ्याच्या दिशेने फेकावं आणि रॉडचं टोक पाण्याजवळ आणावं. मी पिवळी ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी वापरतो आणि तिच्या पुढे हात-दीड हात फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे वेगळ्या दोरीचा तुकडा, बांधतो. पिवळा रंग माझ्या डोळ्यांसाठी आहे, माशापाशी जातो तो पारदर्शक लीडर.

डोळ्यांइतकंच बोटावर काम होतं. देवगडच्या खाडीत माझे मामा रॉड-रिळाशिवाय गरवायचे. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तर्जनीवरून सोडलेला असायचा, हात गुडघ्यावर टेकलेला. ढोम्याने आमिष नुसतं हलवलं तरी त्यांना कळायचं. मी तेच इथे करतो: रिळाच्या पुढे दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरतो. रॉडच्या मुठीपर्यंत न पोहोचणाऱ्या कितीतरी गोष्टी बोटाला कळतात.

‘जिगहेड जड लावा’

जड जिगहेडने तळ चांगला कळतो, मासा नव्हे. तीन-चार फूट पाण्यात पाव औंसाचा, म्हणजे सात ग्रॅमचा जिगहेड दगडासारखा खाली जातो आणि शिंपल्यांत अडकतो. थंडावलेल्या माशाला त्याच्याकडे बघायलाही वेळ मिळत नाही. तिथे साडेतीन ग्रॅम किंवा त्याच्या निम्म्याचा लावावा. खोल पाण्यात, भरती-ओहोटीची ओढ जोरात असलेल्या कालव्यात मात्र जडच लागतो. तेवढ्यापुरता हा सल्ला बरोबर आहे.

‘रॉड महागातला घ्या’

हलका ग्रॅफाइटचा रॉड जाड फायबरग्लासपेक्षा जास्त बोलका असतो, हे मान्य. पण मधल्या किमतीचा पुरतो. रिळावर ताणला जाणारा नायलॉनचा तंगूस असेल तर भारी रॉडही अर्धा बहिराच राहतो. आधी दोरी बदला. दहा-पंधरा पौंडांची ब्रेडेड पुष्कळ झाली.

‘तीन मोजून जोरात हिसका द्या’

जिवंत कोळंबी लावली असेल तर थांबणं एक वेळ समजू शकतो. सॉफ्ट प्लास्टिकला ना मांसाचा मऊपणा ना हालचाल. माशाला ते कळायला क्षण पुरतो, आणि कळलं की तो थुंकून टाकतो. तीन म्हणेपर्यंत बहुतेक वेळा तोंड रिकामं झालेलं असतं.

हिशक्याचं म्हणाल, तर या माशाच्या जबड्याभोवतीचा पडदा अगदी पातळ असतो. याच्या अटलांटिककडच्या सख्ख्या भावाला ‘वीकफिश’ म्हणतात तेही तोंडाच्या याच नाजूकपणावरून. ब्रेडेड दोरी ताणत नाही, त्यामुळे हिशक्याचा सगळा जोर त्या पडद्यावर येतो आणि आकडा भोक पाडून निसटतो. संशय आला की आधी सैल दोरी भराभर गुंडाळावी, भार लागला की रॉड बाजूला ओढून घ्यावा. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, थोडा ढिला असू द्यावा.

जे मासे थुंकत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते. आपण थांबलो की आकडा घशापर्यंत जातो. फेब्रुवारी २०२१च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले, असा राज्याच्या वन्यजीव विभागाचा अंदाज आहे, आणि त्यात ट्राउटचीही मोठी हानी झाली. २०२४पासून राज्यभर दिवसाला तीनच ट्राउट ठेवता येतात, तेही १५ ते २० इंचांमधले. अगदी मोठ्या माशासाठी वेगळा टॅग लागतो. म्हणजे आपण धरलेले कितीतरी मासे परत सोडायचेच असतात. घशात आकडा गेलेला मासा सोडला तरी तो जगेलच याचा भरवसा नसतो. ओठात लागलेला बहुतेकदा जगतो. घास लवकर ओळखणं मला म्हणूनच इतकं महत्त्वाचं वाटतं.

जानेवारीतला तो चौथ्या अंकावरचा मासा २२ इंच भरला. आकडा जबड्याच्या कोपऱ्यात होता. पक्कड फिरवली आणि सुटला. पाण्याबाहेर न काढताच त्याला दोन्ही हातांनी थोडा वेळ धरून ठेवलं, कल्ले नीट हलू लागले, आणि शेपटीचा एक फटकारा माझ्या मनगटावर मारून तो चिखलाच्या दिशेने गेला.